परक्या मुलखातील पोलिश माणसे : औंध ते वळिवडे

मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पोलंडच्या माणसांवर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहज उभा राहील. लखनौ छावणी कोठे आणि विस्तुला नदीच्या काठचे वॉर्सा कोठे! परंतु ज्यांना पोटापाण्यासाठी आपला मुलूख सोडून दूर राहावे लागले, त्यांनी घर सुटलेल्या इतर समाजांचा इतिहास वाचावा, असे आम्हांस वाटते. त्यातही पोलंडचा इतिहास आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याची दोन महत्त्वाची पाने महाराष्ट्राच्या मातीत लिहिली गेली आहेत. एक पान साताऱ्याजवळच्या औंध संस्थानातले आणि दुसरे कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावचे. या दोन पानांची ओळख करून द्यावी आणि त्यांतून आपल्यापुरता काही अर्थ लागतो का ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नकाशावरून पुसलेला देश

पोलंडने जगाला काय दिले, याचा पाढा वाचू लागले तर तो लांबत जाईल. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे गणिताने मांडून माणसाची विश्वातली जागाच बदलणारा कोपर्निकस १४७३ साली तोरुन येथे जन्मला आणि त्याचा ग्रंथ १५४३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला. पियानोला कवित्व देणारा शोपँ, जगातील सर्व माणसांनी एका सोप्या भाषेत बोलावे म्हणून १८८७ मध्ये एस्परांतो ही भाषा रचून देणारा डॉक्टर झामेनहॉफ, विसाव्या वर्षापर्यंत इंग्रजी न येणारा आणि पुढे इंग्रजीतला श्रेष्ठ कादंबरीकार ठरलेला जोसेफ कॉनरॅड, 'व्हिटॅमिन' हा शब्द वैद्यकाला देणारा कासिमिर फुंक, ही सारी पोलंडचीच माणसे. साहित्याचे नोबेल पारितोषिक १९०५ मध्ये सिएन्कीविच यांना मिळाले. पुढे रेमाँट, मिवोश, शिंबोर्स्का आणि तोकार्चुक यांनी ती परंपरा चालविली. जर्मनांच्या 'एनिग्मा' या गुप्तलेखन-यंत्राचे कोडे १९३२ मध्ये प्रथम सोडविले तेही रेयेव्स्की, रुझित्स्की आणि झिगाल्स्की या तीन तरुण पोलिश गणितज्ञांनी. युद्ध पेटण्यापूर्वी काही आठवडे, जुलै १९३९ मध्ये, पोलंडने ती सर्व विद्या इंग्रज आणि फ्रेंच मित्रांच्या हाती सोपविली.

ही नावे मोठी खरीच. पण त्यांच्यामागची एक गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी पोलंड वाटून घेतला आणि तेव्हापासून १९१८ पर्यंत, म्हणजे तब्बल एकशे तेवीस वर्षे, पोलंड नावाचा देश जगाच्या नकाशावर नव्हता. वर सांगितलेल्यांपैकी शोपँ, कॉनरॅड, झामेनहॉफ आणि फुंक हे सारे या देश नसलेल्या काळात जन्मले. राज्य गेले, सैन्य गेले, झेंडा गेला. उरली ती भाषा, आणि ती भाषा जपणारी घरे.

मारी क्युरीचे उदाहरण घ्यावे. १८६७ मध्ये वॉर्सात जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव मारिया स्क्वोदोव्स्का. वॉर्सावर रशियाच्या झारचा अंमल होता. शाळेत पोलंडचा इतिहास पोलिश भाषेतून शिकविणे हा अपराध असे. तिच्या शाळेतल्या बाई तो चोरून शिकवीत आणि रशियन तपासनीस आला की पुस्तके घाईघाईने दडविली जात. मुलींना विद्यापीठाची दारे बंद असल्याने तिने जागा बदलत चालणाऱ्या एका गुप्त विद्यापीठात शिक्षण घेतले. पुढे ती पॅरिसला गेली. १८९८ मध्ये पतीसह तिने एक नवे मूलद्रव्य शोधून काढले आणि त्याला 'पोलोनियम' हे नाव दिले. जो देश त्या वेळी कोणत्याही नकाशात नव्हता, त्याचे नाव तिने मूलद्रव्यांच्या तक्त्यात कायमचे कोरून ठेवले. १९०३ मध्ये पदार्थविज्ञानाचे आणि १९११ मध्ये रसायनशास्त्राचे अशी दोन नोबेल पारितोषिके मिळविणाऱ्या या स्त्रीने आपल्या मुलींनाही पॅरिसमध्ये राहून पोलिश शिकविली.

औंधचे भारतानंद

आता आपल्या मुलखाकडे वळू. साताऱ्याच्या पूर्वेस औंध हे पंतप्रतिनिधींचे लहानसे संस्थान होते. बहात्तर गावे, तीही एका सलग पट्ट्यात नव्हेत, तर सातारा, सांगली आणि विजापूर या भागांत विखुरलेली. लोकवस्ती पाऊण लाखाच्या आसपास. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते, चित्रकार आणि कलासंग्राहक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखान्यासाठी कुंडलजवळच्या माळावर जागा देणारे हेच ते राजेसाहेब.

या राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले. त्यांची गाठ मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअराशी पडली. फ्रीडमन वॉर्साच्या एका गरीब ज्यू कुटुंबातले. विजेच्या कामात अत्यंत निष्णात. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी त्यांना बंगलोरच्या सरकारी विजेच्या सामानाच्या कारखान्यासाठी हिंदुस्थानात बोलाविले होते. पण ह्या इंजिनिअराचे मन यंत्रांत जितके रमे, तितकेच ते अध्यात्मात रमे. रमण महर्षींच्या आश्रमात त्यांचे जाणे-येणे असे. त्यांनी संन्यास घेतला, भगवी वस्त्रे धारण केली आणि 'भारतानंद' हे नाव स्वीकारले. गांधीजींच्या सहवासात येऊन त्यांनी आपले यंत्रज्ञान सूतकताईसाठी लावले. खेड्यातल्या माणसाला घरच्या घरी करता येईल अशी धनुष तकली त्यांनीच सुचविली.

असा हा संन्यासी इंजिनिअर अप्पासाहेबांबरोबर औंधास आला. राजाने आपली सत्ता स्वखुशीने प्रजेच्या स्वाधीन करावी, हा विचार तेथे मूळ धरू लागला. तो राजेसाहेबांना पटला हे त्यांचे थोरपण. १९३८ च्या अखेरीस त्यांनी आपला निर्णय जाहीर केला. अप्पासाहेब आणि फ्रीडमन गांधीजींकडे सल्ल्यासाठी गेले. जानेवारी १९३९ मध्ये औंधची नवी राज्यघटना अमलात आली. गावाने आपली पंचायत निवडावी, पंचायतींनी तालुक्याचा कारभार उभा करावा आणि त्यांतून संस्थानचे विधिमंडळ बनावे, अशी तिची रचना होती. सत्ता वरून खाली झिरपण्याऐवजी गावाच्या चावडीवरून वर चढावी, ही त्यामागची कल्पना. अप्पासाहेब पंतप्रधान झाले. देशाला स्वातंत्र्य मिळण्याच्या आठ वर्षे आधी महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातले शेतकरी आपला कारभार आपण पाहू लागले. पुढे १९४२ नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या भूमिगत कार्यकर्त्यांना औंधच्या हद्दीत आसरा मिळत राहिला. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा प्रयोग संपला. पण पंचायत राज्याच्या इतिहासात औंधचे नाव राहिले.

फ्रीडमन यांच्या सूचनेतून उभी राहिलेली औंधची दुसरी गोष्ट म्हणजे आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना बेड्या नाहीत, भोवती भिंत नाही. त्यांनी मोकळ्या जमिनीवर शेती करावी, बायकामुलांसह राहावे आणि दिलेल्या शब्दाला जागावे, असा तो खुला तुरुंग १९३९ मध्ये सुरू झाला. त्या काळी ही कल्पना वेडेपणाची वाटली असल्यास नवल नाही. संस्थान गेल्यावरही सरकारने ही वसाहत चालू ठेवली. आटपाडीच्या त्याच मुलखातले, औंध संस्थानात वाढलेले ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखे बारह हाथ' हा चित्रपट काढला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. लखनौच्या चित्रपटगृहांतूनही तो असंख्य प्रेक्षकांनी पाहिला असेल. त्यातल्या सहा कैद्यांच्या कथेमागे एका पोलिश माणसाची कल्पना होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असावे.

फ्रीडमन यांचे मराठीवरचे सर्वांत मोठे उपकार त्यांच्या उतारवयातले आहेत. मुंबईच्या खेतवाडीत विड्यांचे दुकान चालविणारे मारुती कांबळी हे नवनाथ संप्रदायातील इंचगिरी परंपरेचे सिद्धपुरुष. जग त्यांना निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखते. घराच्या माळ्यावर ते भेटीला आलेल्यांशी साध्या, रोखठोक मराठीत बोलत. फ्रीडमन त्यांच्याकडे जाऊ लागले. हे बोलणे हवेत विरून जाऊ नये म्हणून त्यांनी ते ध्वनिमुद्रित करून घेतले, इंग्रजीत उतरविले आणि १९७३ मध्ये मुंबईच्या चेतना प्रकाशनाने 'आय ॲम दॅट' या नावाने तो ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची पुढे अनेक भाषांत भाषांतरे झाली आणि देशोदेशींची माणसे खेतवाडीचा पत्ता विचारीत येऊ लागली. संतांच्या मराठीचा गौरव आपण भाषणांतून पुष्कळ करतो. पण मुंबईच्या एका माळ्यावर बोललेले मराठी जगाच्या कानापर्यंत पोहोचविले ते वॉर्साच्या एका माणसाने. पुढे मुंबईतच त्यांचे निधन झाले.

उमादेवी

फ्रीडमन यांच्याबरोबर जिचे नाव घ्यावे लागते ती वांदा दिनोव्स्का. १८८८ मध्ये जन्मलेली, जमीनदार घराण्यातली ही विदुषी पोलंडमधील थिऑसॉफिकल चळवळीची प्रमुख होती. १९३५ मध्ये ती हिंदुस्थानात आली आणि येथलीच झाली. तिला 'उमादेवी' हे नाव मिळाले. आपल्या देशावर युद्धाचा वणवा पेटला असता तिने १९४४ मध्ये फ्रीडमन यांच्या साहाय्याने मद्रासेत 'पोलिश-भारतीय ग्रंथमाला' सुरू केली. भारताचे विचारधन पोलिश भाषेत न्यावे आणि पोलंडचे साहित्य भारतीयांपुढे ठेवावे, असा तिचा दुहेरी उद्देश होता. भगवद्गीतेचे पोलिश भाषांतर तिने स्वतः केले. १९५९ नंतर तिबेटी निर्वासितांचे लोंढे भारतात आले, तेव्हा सत्तरी ओलांडलेली ही बाई त्यांच्या मुलांच्या सेवेत उभी राहिली. १९७१ मध्ये म्हैसूर येथे तिने देह ठेवला. तिच्या मागून आलेल्या पोलिश अभ्यासकांपैकी क्रिश्तोफ बिर्स्की यांनी आपल्या याच उत्तर प्रदेशातील बनारस हिंदू विद्यापीठात संस्कृत नाट्यशास्त्राचा अभ्यास केला आणि पुढे ते पोलंडचे राजदूत म्हणून दिल्लीस आले.

सैबेरियातून पंचगंगेच्या काठी

फ्रीडमन आणि दिनोव्स्का आपण होऊन आले. दुसरे पोलिश लोक आले ते दैवाने फेकलेले.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत पूर्व पोलंडमधील कुटुंबांच्या पहिल्या मोठ्या हद्दपारीस सुरुवात झाली. पहाटे दार ठोठावायचे, थोडक्या वेळात निघायला सांगायचे आणि मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाकस्तान येथे लाकूडतोडीला नाही तर शेतमजुरीला न्यायचे, असा तो प्रकार होता. अशा चार लाटा झाल्या. उपासमार, थंडी आणि रोगराई यांत असंख्य माणसे दगावली.

१९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियाला मित्रांची गरज पडली. ३० जुलै १९४१ च्या करारान्वये पोलिश कैद्यांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांनी त्यांतून सैन्य उभारले. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्याच्याबरोबरची बायकामुले, मिळून लाखाहून अधिक माणसे, कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. सैनिक पुढे रणांगणाकडे गेले. बायका, मुले आणि वृद्ध यांना कोठे ठेवावे हा प्रश्न होता. काही पूर्व आफ्रिकेत गेली, काही न्यूझीलंडला, काही मेक्सिकोला. आणि काही हिंदुस्थानात आली.

प्रथम आली ती अनाथ मुले. अश्काबादहून मोटारींच्या तांड्यांतून, मशहद-झाहिदान-क्वेटामार्गे ती आली आणि काही काळ मुंबईस वांद्र्याला राहिली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे समुद्रकाठी त्यांच्यासाठी वसाहत बांधून दिली आणि स्वतः या मुलांचे पालकत्व पत्करले. वॉर्सा शहरातील एका चौकाला आज 'भल्या महाराजांचा चौक' असे नाव आहे. नवानगरचे जामसाहेब म्हणजे कुणा रणजीचे पुतणे एवढीच आपली ओळख असेल, तर ती अपुरी आहे.

१९४३ मध्ये मोठी वसाहत उभी राहिली ती कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, शहरापासून जवळच, पंचगंगेच्या परिसरातील वळिवडे येथे. सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तेथे राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुलेच होती. क्षयाने पोखरलेल्यांसाठी पाचगणीच्या कोरड्या हवेत वेगळे आरोग्यकेंद्र उघडण्यात आले. मुंबईतील पोलिश वकिलातीचे बानासिन्स्की पतिपत्नी या सर्वांच्या व्यवस्थेसाठी धडपडत होते. त्यांतील किरा बानासिन्स्का यांनी युद्धानंतरही भारत सोडला नाही. हैदराबादेत समाजकार्य करीत, शंभरी ओलांडून, २००२ मध्ये त्या निवर्तल्या.

वळिवड्यातील या लोकांनी काय केले ते मुद्दाम लक्षात घ्यावे. ओळीने बांधलेल्या बराकींत बिऱ्हाडे लागताच त्यांनी शाळा उभ्या केल्या. बालवर्गापासून महाविद्यालयाच्या उंबरठ्यापर्यंत सर्व शिक्षण पोलिश भाषेतून. चर्च झाले, इस्पितळ झाले, वाचनालय झाले. बालवीर आणि वीरबाला यांची पथके झाली. नाटके बसू लागली, गायनवृंद तयार झाले, सणावारांना लोकनृत्ये होऊ लागली. मुंबईहून 'भारतातील पोलिश माणूस' अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे नियतकालिक निघे. ज्यांच्या अंगावरची लक्तरे नुकतीच उतरली होती, त्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांची तरतूद या लोकांनी घरांच्या पडद्यांआधी केली. सैबेरियात दोन वर्षे शाळेवाचून गेलेल्या मुलांची ती वर्षे भरून काढणे, हे त्या वसाहतीतील मातांना आणि शिक्षकांना अन्नाइतकेच निकडीचे वाटले.

कोल्हापूरच्या लोकांनीही त्यांना परके मानले नाही. बाजारहाट सुरू झाला. दुकानदार आणि फेरीवाले मोडकीतोडकी पोलिश बोलू लागले. मुले पन्हाळ्याच्या सहलीस जात. काही पोलिश मुलींनी येथल्या तरुणांशी लग्ने केली आणि त्या कायमच्या कोल्हापूरकर झाल्या. जे येथेच निवर्तले, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत.

सेनिओ नदीच्या काठी

छावणीत राहणाऱ्या वाचकांना या कथेची दुसरी बाजू अधिक जवळची वाटेल. वळिवड्यातल्या बायकांचे पती, भाऊ आणि मुलगे त्या वेळी कोठे होते? पुष्कळजण जनरल अँडर्स यांच्या दुसऱ्या पोलिश कोअरमध्ये इटलीच्या रणभूमीवर होते. त्याच रणभूमीवर आपले जवानही होते.

मॉन्ते कॅसिनोच्या डोंगरावर फेब्रुवारी आणि मार्च १९४४ मध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजनने अपार हानी सोसली. मे महिन्यातील शेवटच्या लढाईत आठव्या भारतीय डिव्हिजनने खालची गारी नदी ओलांडली आणि १८ मे रोजी पोलिश सैनिकांनी त्या मठाच्या भग्नावशेषांवर आपला ध्वज उभारला. १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी टायबरच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे जिंकून देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीवर अखेरचा मोठा हल्ला झाला. त्या फळीत आठवी भारतीय डिव्हिजन होती, न्यूझीलंडचे सैन्य होते आणि पोलिश कोअरही होती. त्या सायंकाळी मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी सुरुंग पेरलेल्या काठावरून आणि नदीच्या पाण्यातून जखमी सोबत्यांना सुरक्षित जागी आणले, मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या तुकड्यांना पुढे बोलाविले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २१ एप्रिलला पोलिश सैनिक बोलोन्या शहरात शिरले.

या दोन चित्रांचा मेळ घालून पाहावा. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतले जवान इटलीत लढत होते आणि त्यांच्याच फळीत लढणाऱ्या पोलिश सैनिकांची बायकामुले महाराष्ट्रातल्या एका खेड्यात राहत होती. त्या जवानाला हे ठाऊक नसेल, त्या पोलिश सैनिकालाही बहुधा नसेल. पण वळिवड्याच्या माऊलीला येणारे पत्र आणि कोकणातल्या वा नगरकडच्या माऊलीला येणारे पत्र एकाच रणांगणावरून निघत होते. पलटण पुढे गेली की घरचे माणूस कोणत्या मनाने पत्राची वाट पाहते, हे छावणीतील कुटुंबांना सांगायला नको.

परतायला घर नाही

युद्ध जिंकले, पण पोलंडच्या या माणसांसाठी ते हरल्यासारखेच झाले. १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला देण्याचे ठरले. वळिवड्यातील बहुतेकांची गावे नेमकी त्याच भागातली. ज्या घरातून पहाटे हाकलून दिले गेले, ते घर आता त्यांच्या देशातच उरले नाही. राहिलेल्या पोलंडात कम्युनिस्ट राजवट आली. थोडे लोक तेथे परतले. बाकीचे १९४७-४८ मध्ये इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगले. वळिवड्याची वसाहत १९४८ च्या आरंभी रिकामी झाली.

पण त्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीने उद्ध्वस्त झालेले सिंधी बांधव तेथे आले. पोलिश मुलांनी जेथे शाळा भरविली, तेथे सिंधी कुटुंबांनी दुकाने मांडली. त्यांतूनच आजचे गांधीनगर आणि तेथली कापडाची मोठी पेठ उभी राहिली. एकाच भूमीने पाच वर्षांच्या अंतराने दोन निर्वासित समाजांना आसरा दिला, अशी जागा महाराष्ट्रात दुसरी सहज सापडणार नाही.

जगभर पांगलेली वळिवड्याची मुले एकमेकांना विसरली नाहीत. इंग्लंडमध्ये त्यांनी 'भारतातील पोलिश' म्हणून आपले मंडळ स्थापिले, मेळावे भरविले, आठवणींचा जाडजूड ग्रंथ काढला. म्हातारपणी ती पुनःपुन्हा कोल्हापुरास येत राहिली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. २०१७ मध्ये वॉर्सात कोल्हापूरच्या नावाने स्मृतिफलक बसविण्यात आला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पोलंडच्या भेटीवर गेलेल्या भारताच्या पंतप्रधानांनी तेथे, जामसाहेबांच्या स्मारकापाशी आणि मॉन्ते कॅसिनोच्या स्मारकापाशी पुष्पचक्रे वाहिली. पंचगंगेच्या काठची पाच वर्षे विस्तुलेच्या काठी अशी दगडात कोरली गेली.

आपल्यापुरते

या सर्व इतिहासातून आम्हांस दोन वाटा दिसतात. वळिवड्याची वाट जपण्याची. औंधची वाट मिसळण्याची.

वळिवड्याच्या पोलिश माणसांनी आपली भाषा, आपले सण, आपली नाटके प्राणपणाने जपली. त्यांना ठाऊक होते की आपण येथे कायमचे राहणार नाही. म्हणून त्यांनी मराठी फारशी शिकली नाही, त्यात त्यांचा दोषही नाही. फ्रीडमन यांनी याच्या अगदी उलट केले. ते येथल्या माणसांत मिसळले, येथल्या खेड्याचे प्रश्न आपले मानले आणि शेवटी मराठी बोलणाऱ्या एका संताचे शब्द जगाला दिले. पण त्यांची ओळख येथल्या मातीत विरघळत गेली, इतकी की आज औंधच्या माणसालाही त्यांचे नाव सांगावे लागते. दिनोव्स्काबाईंनी या दोन वाटांचा संगम साधला. भगवद्गीता त्यांनी पोलिशमध्ये नेली, ती पोलिश भाषा आपल्याजवळ तेवढीच जिवंत होती म्हणून. ज्याची स्वतःची भाषा विझली, तो दोन भाषांमधला पूल बांधू शकत नाही.

आपली आणि त्यांची तुलना सरसकट करणे योग्य नव्हे, हेही आम्ही जाणतो. आपल्याला कोणी पहाटे दार ठोठावून हाकलले नाही. नोकरीच्या, बदलीच्या, व्यापाराच्या निमित्ताने आपण आलो, आणि लखनौने आपल्याला तिच्या प्रसिद्ध अदबीने सामावून घेतले. आपले गाव आहे तेथेच आहे. गाडीत बसले की पोहोचता येते. परंतु हे सुख असल्यामुळेच आपण थोडे निष्काळजी झालो आहोत की काय, असे वाटते. दडविण्याची वेळ आली तेव्हा मारी क्युरीच्या बाईंनी पुस्तके जिवापाड जपली. आपल्याला कोणी अडवीत नाही आणि आपली पुस्तके कपाटात धूळ खातात. नातवंडे आजीशी हिंदीत बोलतात आणि आजीही कौतुकाने हिंदीतच उत्तर देते. तिसऱ्या पिढीत भाषा जाते ती कोणाच्या हुकमाने नव्हे. ती अशी लाडाकोडात जाते.

देण्याचा वारसा तर या शहरात आपल्याला फार मोठा मिळालेला आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये येथे संगीताचे महाविद्यालय निघाले आणि श्रीकृष्ण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ते दीर्घकाळ वाढविले. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या माणसाचे नाव लखनौच्या एका विद्यापीठाला लाभले, ते त्याने या मुलखाचे गाणे आपले मानून त्याला शास्त्राचा आधार दिला म्हणून. औंधच्या भारतानंदांनी महाराष्ट्रासाठी जे केले, तेच भातखंडे यांनी अवधसाठी केले.

मंडळाची पन्नास वर्षे ही गणेशोत्सव, हळदीकुंकू आणि नाट्यप्रयोग यांची वर्षे आहेत. ती थोडी नव्हेत. वळिवड्याच्या पोलिश मायभगिनींनी याहून वेगळे काय केले? आता पुढच्या पन्नास वर्षांसाठी आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवितो. मंडळाचे ग्रंथालय आठवड्यातून एक दिवस का होईना, नियमाने उघडे राहावे. मुलांसाठी मराठीचा वर्ग भरावा आणि त्यात सुट्टी पडू नये. आणि दरवर्षी एक तरी काम असे व्हावे, की जे केवळ मराठी माणसांसाठी नसून या शहरासाठी असेल. वळिवड्याची वसाहत पाच वर्षेच टिकली, पण तिच्या शाळेत शिकलेली माणसे सत्तर वर्षांनंतरही तिची वाट शोधीत आली. आपल्या वर्गात बसलेली मुले उद्या कोठल्या देशी जातील, कोणास ठाऊक! पण ती जेथे जातील तेथे मराठी घेऊन जावीत, आणि त्या देशाला काही देऊन यावीत, एवढी इच्छा या सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी आम्ही व्यक्त करतो.